प्रतिजनाची घडण आणि प्रतिपिंडांचा प्रतिसाद : उंदरावरील प्रयोगांचा इतिहास

धनुर्वात व घटसर्प या रोगांच्या विषांविरुद्ध प्राण्याच्या रक्तरसात प्रतिविष निर्माण होते, हे एमिल फोन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये बर्लिन येथे दाखवून दिले. तेव्हापासून प्रतिरक्षाशास्त्रात जो प्रश्न दीर्घकाळ अग्रभागी राहिला, तो प्रतिपिंडाच्या विशिष्टतेचा होय. एक प्रतिपिंड एकाच प्रतिजनाला कसे ओळखते, या कोड्याने संशोधकांच्या दोन पिढ्यांना गुंतवून ठेवले. त्या मानाने दुसरा एक प्रश्न मागे पडला : सर्व प्रतिजन एकाच मार्गाने प्रतिपिंडे निर्माण करवितात काय? प्रथिन, बहुशर्करा, जीवाणूचे संपूर्ण शरीर आणि विषाणू यांना प्राण्याचे शरीर एकाच रीतीने उत्तर देते काय? या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः उंदरावरील प्रयोगांतून मिळाले. ते मिळण्यास अर्धे शतक लागले, याचे कारण असे की, उत्तराकडे नेणारी बहुतेक निरीक्षणे प्रथम नियमाला अपवाद म्हणूनच पुढे आली होती. या अपवादांचा क्रम आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष यांचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. हॅप्टेन आणि वाहक

या इतिहासाचा आरंभ उंदरापासून होत नाही, तो सशापासून होतो. रक्तगटांचे संशोधक म्हणून प्रसिद्ध असलेले कार्ल लँडस्टायनर यांनी लहान, रचना ज्ञात असलेले रासायनिक रेणू प्रथिनांना जोडून ते सशांना टोचले. असा लहान रेणू एकटा टोचला तर प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत. तोच प्रथिनाला जोडून टोचला तर त्याच्याविरुद्ध अत्यंत विशिष्ट प्रतिपिंडे निर्माण होतात. एखादा अम्लगट बेंझीन वलयाच्या कोणत्या स्थानी जोडला आहे, एवढा सूक्ष्म भेदही ती प्रतिपिंडे ओळखू शकत. अशा लहान रेणूला लँडस्टायनर यांनी १९२१ मध्ये ‘हॅप्टेन’ हे नाव दिले, आणि ज्या प्रथिनावर तो बसविला जाई त्याला पुढे ‘वाहक’ ही संज्ञा रूढ झाली.

लँडस्टायनर यांच्या दृष्टीने या प्रयोगांचे महत्त्व विशिष्टतेच्या अभ्यासापुरते होते. वाहक हे केवळ साधन होते. परंतु प्रतिपिंड हॅप्टेनला ओळखते आणि तरीही वाहकावाचून ते निर्माण होत नाही, या वस्तुस्थितीत एक मोठा प्रश्न दडलेला होता. ओळखले जाणे आणि प्रतिसाद घडवून आणणे हे प्रतिजनाचे दोन वेगवेगळे गुण आहेत, असे त्यातून सूचित होत होते. या सूचनेचा पूर्ण अर्थ लागण्यास पुढील अनेक दशके जावी लागली.

२. न्यूमोकोकसची बहुशर्करा

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत याच सुमारास दुसरे एक कार्य चालू होते. न्यूमोनियास कारण होणाऱ्या न्यूमोकोकस जीवाणूच्या कवचातील विशिष्ट द्रव्य हे प्रथिन नसून बहुशर्करा आहे, असे मायकेल हायडेलबर्गर व ऑस्वाल्ड अ‍ॅव्हरी यांनी १९२३ मध्ये सिद्ध केले. प्रथिनेतर पदार्थ प्रतिपिंडांचे लक्ष्य असू शकतो, ही गोष्ट त्या काळी धक्कादायक होती. त्यातही विचित्र असे की, शुद्ध केलेली ही बहुशर्करा सशांना टोचली असता प्रतिपिंडे आढळत नसत. मनुष्यात मात्र ती आढळली. त्वचेत टोचलेल्या अल्पशा बहुशर्करेनेही माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे येतात, असे टॉमस फ्रान्सिस व विल्यम टिलेट यांनी १९३० मध्ये नोंदविले.

अ‍ॅव्हरी व वॉल्टर गोबेल यांनी १९३१ मध्ये यावर उपाय शोधला. तिसऱ्या प्रकारच्या न्यूमोकोकसची बहुशर्करा त्यांनी घोड्याच्या रक्तरसातील प्रथिनाला जोडली व ते संयुग सशांना टोचले. आता सशांत प्रतिपिंडे निर्माण झाली. बहुशर्करा ही जणू मोठ्या आकाराचे हॅप्टेन ठरली. या प्रयोगाचा व्यावहारिक उपयोग तेव्हा कोणी केला नाही. सल्फा औषधे व त्यानंतर पेनिसिलिन उपलब्ध झाल्यामुळे न्यूमोकोकसविरुद्धच्या लसीची निकड कमी झाल्यासारखी वाटू लागली होती.

उंदराचे वर्तन सशाहून निराळे निघाले. शुद्ध बहुशर्करेची अत्यल्प मात्राही उंदराला संरक्षण देत असे. परंतु लॉइड फेल्टन यांना १९४० च्या दशकात असे आढळले की, हीच मात्रा कित्येक पटींनी वाढविली तर उंदीर संरक्षित होत नाही. इतकेच नव्हे, तर त्यानंतर दीर्घकाळ त्या प्रकारच्या जीवाणूविरुद्ध त्याला प्रतिकारक्षम करता येत नाही. फेल्टन यांनी या स्थितीस ‘प्रतिरक्षात्मक पक्षाघात’ असे नाव दिले. प्राण्याच्या शरीरात बहुशर्करेचे विघटन फार मंद गतीने होते व ती ऊतकांत महिनोगणती टिकून राहते, असेही त्यांच्या कार्यातून दिसून आले. प्रथिनांच्या बाबतीत असे टिकून राहणे सहसा आढळत नसे. बहुशर्करेचा मार्ग प्रथिनाच्या मार्गाहून वेगळा असावा, याचा हा ठळक पुरावा होता. परंतु त्या काळी हे निरीक्षण एका विशिष्ट पदार्थाचा विशेष गुण म्हणूनच पाहिले गेले.

३. थायमस आणि एक अपवाद

पुढील प्रगती उंदरावाचून होणे कठीण होते. जवळच्या नात्यातील प्राण्यांचे पिढ्यान्‌पिढ्या प्रजनन करून जनुकीय दृष्ट्या एकसारखे वंश तयार करण्याचा उपक्रम क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ मध्ये सुरू केला होता, आणि १९२९ मध्ये अमेरिकेतील बार हार्बर येथे स्थापन झालेल्या जॅक्सन प्रयोगशाळेने तो व्यापक केला. एकाच वंशातील एका उंदराच्या पेशी दुसऱ्याला दिल्या तर त्या झिडकारल्या जात नाहीत. प्रतिपिंडे निर्माण करण्यात कोणत्या पेशीचा किती वाटा आहे, हे पेशींची अदलाबदल करून तपासणे त्यामुळे शक्य झाले.

जाक मिलर हे लंडन येथे उंदरांतील विषाणुजन्य रक्तकर्करोगाचा अभ्यास करीत असताना त्यांनी नवजात उंदरांच्या छातीतील थायमस, म्हणजेच यौवनलोपी ग्रंथी, काढून टाकली. अशा उंदरांत लसीका पेशींची संख्या फार कमी राही आणि परक्या त्वचेचे कलमही ते झिडकारीत नसत. १९६१ मध्ये मिलर यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोपर्यंत या ग्रंथीला प्रतिरक्षेत निश्चित कार्य आहे असे मानले जात नव्हते.

प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी मोजण्याचे सोपे साधन नील्स येर्ने व आल्बर्ट नॉर्डिन यांनी १९६३ मध्ये उपलब्ध करून दिले. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील पेशी त्याच रक्तपेशींसह आगरच्या थरात मिसळल्या असता, प्रतिपिंड स्रवणाऱ्या प्रत्येक पेशीभोवती रक्तपेशी फुटून लहानसे पारदर्शक वर्तुळ तयार होई. वर्तुळे मोजली की पेशींची गणती झाली. या पद्धतीच्या सुलभतेमुळे मेंढीची तांबडी रक्तपेशी हा पुढील दशकातील जणू प्रमाण प्रतिजन बनला.

डेन्व्हर येथील हेन्री क्लेमन व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये क्ष-किरणांचा मारा केलेल्या उंदरांना थायमसच्या पेशी, अस्थिमज्जेच्या पेशी, किंवा दोन्ही एकत्र दिल्या. मेंढीच्या रक्तपेशींविरुद्ध भरीव प्रतिसाद दोन्ही एकत्र दिल्यासच मिळाला. प्रत्यक्ष प्रतिपिंड कोणती पेशी बनविते, हे १९६८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅहॅम मिचेल व मिलर यांनी निश्चित केले. प्रतिपिंड बनविणारी पेशी अस्थिमज्जेतून येते. थायमसमधून येणारी पेशी तिला साहाय्य करते. या दोन पेशींना ‘बी’ व ‘टी’ ही नावे १९६९ पासून रूढ झाली.

हा सिद्धान्त आकार घेत असतानाच त्याला छेद देणारा पुरावा समोर होता. थायमस काढलेल्या उंदरांत मेंढीच्या रक्तपेशींविरुद्धचा प्रतिसाद क्षीण होई. परंतु न्यूमोकोकसच्या बहुशर्करेविरुद्धचा प्रतिसाद मात्र अबाधित राही, असे जॉन हम्फ्री, डेल्फिन पॅरट व जून ईस्ट यांनी १९६४ मध्येच दाखविले होते. शस्त्रक्रियेत ग्रंथीचा काही अंश मागे राहिला असेल, असा आक्षेप अशा पुराव्यावर घेता येण्याजोगा होता. त्याचे निरसन निसर्गतः थायमस नसलेल्या उंदराने केले. ग्लासगो येथे आढळलेल्या व १९६६ मध्ये वर्णन केल्या गेलेल्या केशहीन उंदराच्या वंशात थायमसही नसतो, असे १९६८ मध्ये निदर्शनास आले. या उंदरांवरील पुढील प्रयोगांतही तेच दिसले : मेंढीच्या रक्तपेशींना अत्यंत दुबळा प्रतिसाद, बहुशर्करेला चांगला प्रतिसाद. ज्या प्रतिजनावर नियम बेतला होता, तो प्रतिजन सर्वांचा प्रतिनिधी नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले. मोजण्यास सोयीचा पदार्थ निवडला की त्या पदार्थाचा स्वभाव नियमात शिरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

४. घडणीचा प्रश्न

आता प्रतिजनांचे दोन गट पडले : थायमसावलंबी व थायमस-निरपेक्ष. त्यांना वेगळे करणारा गुण कोणता, याचा शोध सुरू झाला.

थायमसावलंबी प्रतिजनांच्या बाबतीत लँडस्टायनर यांच्या वाहकाचे कोडे आव्हरिअन मिचिसन यांनी १९७१ मध्ये उलगडले. त्यांनी एका उंदराला हॅप्टेन एका प्रथिनावर बसवून टोचले, दुसऱ्याला केवळ दुसरे प्रथिन टोचले, आणि दोघांच्या पेशी क्ष-किरणित उंदराला एकत्र दिल्या. मग त्या उंदराला तेच हॅप्टेन दुसऱ्या प्रथिनावर बसवून दिले असता जोरदार प्रतिसाद मिळाला. हॅप्टेन ओळखणारी बी-पेशी व वाहक ओळखणारी टी-पेशी या वेगळ्या आहेत, आणि हॅप्टेन व वाहक एकाच रेणूत जोडलेले असले तरच त्यांचे सहकार्य घडते. हे सहकार्य कसे होते, याचा उलगडा १९८५ मध्ये आन्तोनियो लान्झावेक्किया यांच्या कार्याने झाला. बी-पेशी आपल्या पृष्ठभागावर पकडलेला प्रतिजन आत घेते, त्यातील प्रथिनाचे तुकडे करते व ते टी-पेशीपुढे मांडते. शुद्ध बहुशर्करेत प्रथिनच नसल्यामुळे असे मांडण्याजोगे तुकडे तिच्यातून निघत नाहीत, आणि म्हणून टी-पेशीचे साहाय्य तिला लाभत नाही.

मग बहुशर्करा साहाय्यावाचून प्रतिसाद कसा घडविते? या प्रश्नावर मेलबर्न येथील मार्क फेल्डमन व अँटनी बास्टेन यांनी १९७१ मध्ये प्रकाश टाकला. जीवाणूच्या कशाभिकेतील फ्लॅजेलिन हे प्रथिन असूनही, त्याचे रेणू एकामागोमाग जोडून लांब साखळी झाली असता त्याला टी-पेशींची गरज भासत नाही. एकाच हॅप्टेनला साहाय्य लागेल की नाही, हेही ते कोणत्या वाहकावर बसविले आहे यावरून ठरे. तेव्हा प्रथिन की बहुशर्करा, हा भेद अंतिम नव्हता. एकच नमुना ठराविक अंतराने पुनःपुन्हा येणे हा निर्णायक गुण होता. १९७६ मध्ये हॉवर्ड डिन्टझिस व सहकारी यांनी कृत्रिम बहुवारिकावर मोजून हॅप्टेन बसविले व ते उंदरांना दिले. प्रतिसादासाठी एका रेणूवर सुमारे १२ ते १६ हॅप्टेन असणे आवश्यक ठरले. त्याहून कमी असल्यास प्रतिसाद मिळत नसे. बी-पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकांचा पुरेसा मोठा पुंज एकत्र ओढला गेला, तरच पेशी जागृत होते, असा याचा अर्थ लावण्यात आला. विषाणूच्या कवचावरील प्रथिनाबाबतही झुरिक येथील संशोधकांना १९९३ मध्ये हेच दिसले. तेच प्रथिन विषाणूवर ओळीने मांडलेले असता बी-पेशी साहाय्यावाचून प्रतिसाद देते, विस्कळित असता देत नाही.

५. सीबीए/एन उंदीर

थायमस-निरपेक्ष प्रतिजनांचा गट एकजिनसी नाही, हेही एका उंदरानेच दाखविले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पाळलेल्या सीबीए वंशाच्या एका शाखेतील उंदीर न्यूमोकोकसच्या तिसऱ्या प्रकारच्या बहुशर्करेला प्रतिसाद देत नाहीत, आणि हा दोष क्ष-गुणसूत्रावरील जनुकाशी निगडित आहे, असे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. या सीबीए/एन उंदरांवर डोनाल्ड मोझिएर व सहकारी यांनी हॅप्टेनयुक्त निरनिराळे प्रतिजन तपासले. जीवाणूच्या भित्तिकेतील लिपोबहुशर्करेवर बसविलेल्या हॅप्टेनला हे उंदीर प्रतिसाद देत. फायकॉल या मोठ्या, पुनरावृत्त रचनेच्या शर्करारेणूवर बसविलेल्या त्याच हॅप्टेनला मात्र देत नसत. यावरून १९७७ मध्ये थायमस-निरपेक्ष प्रतिजनांचे प्रथम व द्वितीय असे दोन प्रकार मानण्यात आले. प्रथम प्रकारचे प्रतिजन बी-पेशींना स्वतःच चेतविण्याची शक्ती बाळगतात. लिपोबहुशर्करेची ही शक्ती ज्या ग्राहकावर अवलंबून आहे, तो ग्राहक ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने १९९८ मध्ये, लिपोबहुशर्करेला न जुमानणाऱ्या दुसऱ्या एका उंदराच्या वंशातून ओळखला. द्वितीय प्रकारच्या प्रतिजनांची सारी भिस्त पुनरावृत्त रचनेवर असते.

मोझिएर यांच्या गटाने आणखी एक गोष्ट पाहिली. नवजात उंदराच्या पेशी प्रथम प्रकारच्या प्रतिजनांना लवकर प्रतिसाद देऊ लागतात. द्वितीय प्रकारच्या प्रतिजनांना प्रतिसाद देण्याची क्षमता मात्र बऱ्याच उशिरा येते.

सीबीए/एन उंदरातील दोषाचे मूळ १९९३ मध्ये सापडले. एका एन्झाइमाच्या जनुकात एका अमिनो अम्लाचा बदल झालेला होता. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन यांनी ज्या मुलाचे वर्णन केले, त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नव्हते व त्याला न्यूमोकोकसचा संसर्ग वारंवार होत असे. त्या रोगाला कारण होणारे जनुक व उंदरातील हे जनुक एकच ठरले. मात्र मनुष्यात बी-पेशींचा जवळजवळ संपूर्ण अभाव होतो, तर उंदरात मुख्यतः एका प्रकारच्या प्रतिसादाचा. एकाच जनुकाचा बिघाड दोन जातींत इतके भिन्न परिणाम घडवितो, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

६. प्रतिपिंडाचा वर्ग आणि स्मृती

प्रतिजनाच्या घडणीवर प्रतिपिंडाचे प्रमाणच तेवढे अवलंबून नसते, त्याचा वर्गही अवलंबून असतो. थायमस-निरपेक्ष प्रतिसाद मुख्यतः आयजीएम वर्गाचा असतो. उंदरात शर्करांविरुद्ध जे आयजीजी निर्माण होते, त्यात आयजीजी-३ या उपवर्गाचे प्राबल्य असते, असे १९७८ मध्ये दिसून आले. विद्राव्य प्रथिनांविरुद्ध उंदीर बहुधा आयजीजी-१ बनवितो, आणि अनेक विषाणूंविरुद्ध आयजीजी-२ए, हे १९८७ मध्ये नोंदविले गेले. उपवर्ग ठरविण्यात टी-पेशींच्या स्रावांचा वाटा असतो. इंटरल्यूकिन-४ मुळे आयजीजी-१ व आयजीई यांकडे, तर इंटरफेरॉन-गॅमामुळे आयजीजी-२ए कडे कल होतो, असे क्लिफर्ड स्नॅपर व विल्यम पॉल यांनी त्याच वर्षी दाखविले. येथेही सावधगिरी आवश्यक आहे. उंदराच्या व मनुष्याच्या उपवर्गांचे क्रमांक परस्परांशी जुळत नाहीत. बहुशर्करांविरुद्ध मनुष्यात आयजीजी-२ चे प्राधान्य असते.

दीर्घकालीन दृष्टीने याहून महत्त्वाचा भेद स्मृतीचा आहे. टी-पेशींच्या साहाय्याने लसीका ग्रंथीत व प्लीहेत जननकेंद्रे तयार होतात. तेथे बी-पेशींच्या जनुकांत उत्परिवर्तने होऊन अधिक घट्ट बांधणाऱ्या पेशींची निवड होते, असे १९९१ मध्ये उंदराच्या प्लीहेतील एकेका केंद्राच्या परीक्षणातून सिद्ध झाले. शुद्ध बहुशर्करेविरुद्ध अशी परिपक्वता सहसा येत नाही, आणि दुसऱ्यांदा टोचल्यावर पहिल्याहून वरचढ प्रतिसाद मिळत नाही.

७. उंदराकडून बालकाकडे

या साऱ्या भेदांचे मोल बालकांच्या बाबतीत उघड झाले. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी-बी हा जीवाणू लहान मुलांत प्राणघातक मस्तिष्कावरणदाह घडवितो, आणि त्यालाही बहुशर्करेचे कवच असते. १९७४ मध्ये फिनलंडमध्ये सुमारे एक लाख मुलांवर केलेल्या चाचणीत शुद्ध बहुशर्करेच्या लसीने दीड वर्षांवरील मुलांचे रक्षण केले. त्याहून लहान मुलांचे केले नाही. रोगाचा सर्वाधिक प्रकोप मात्र याच लहान मुलांत होता. द्वितीय प्रकारच्या प्रतिजनांना नवजात उंदीर प्रतिसाद देत नाही, या निरीक्षणाचा मानवी प्रतिरूप तो हा.

अ‍ॅव्हरी व गोबेल यांनी अर्धशतकापूर्वी दाखविलेला मार्ग आता उपयोगी पडला. रेचेल श्नीअरसन, जॉन रॉबिन्स व सहकारी यांनी १९८० मध्ये हिमोफिलसची बहुशर्करा प्रथिनाला जोडून तयार केलेल्या संयुगाचे प्राण्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. थायमस-निरपेक्ष प्रतिजन थायमसावलंबी झाला. बी-पेशी शर्करेला धरते, जोडलेले प्रथिन आत घेऊन त्याचे तुकडे टी-पेशीला दाखविते, आणि स्मृतीसह प्रतिसाद उभा राहतो. अशा संयुग लसी अमेरिकेत १९९० पासून तान्ह्या मुलांना देण्यात येऊ लागल्या. २०११ च्या अखेरीस केरळ व तमिळनाडूपासून भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात जी पंचगुणी लस आली, तिच्यातही हिमोफिलसचे हे संयुग आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली; तिच्यात ‘अ’ गटाच्या मेनिंगोकोकसची बहुशर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडाला जोडलेली आहे. लँडस्टायनर यांचे वाहक आणि बेरिंग यांनी अभ्यासिलेले धनुर्वाताचे विष येथे एकाच रेणूत एकत्र आले आहेत.

८. समारोप

थायमसावलंबी व थायमस-निरपेक्ष ही विभागणी आजही उपयुक्त आहे. तथापि ती ज्या परिस्थितीत जन्मली तिचा विसर पडू देता कामा नये. ही नावे शुद्ध केलेल्या पदार्थांवरील प्रयोगांतून आली आहेत, आणि निसर्गात उंदराला वा बालकाला शुद्ध बहुशर्करा भेटत नाही. संपूर्ण न्यूमोकोकस टोचलेल्या उंदरात त्याच बहुशर्करेविरुद्धच्या आयजीजी प्रतिसादाला टी-पेशींचे साहाय्य होते, असे स्नॅपर यांच्या गटाने पुढे दाखविले आहे. कारण जीवाणूच्या शरीरात शर्करेबरोबर प्रथिनेही असतात. वाहकाचे साहाय्यही बिनशर्त नसते. उंदराला वाहक प्रथिन आधीच टोचलेले असेल तर त्यावर नंतर बसविलेल्या हॅप्टेनविरुद्धचा प्रतिसाद कधी कधी दबतो, असे लेनर्ड हर्झेनबर्ग व सहकारी यांना १९८० च्या सुमारास आढळले. एकाच वाहकावर आधारलेल्या अनेक लसी बालकाला देताना हा मुद्दा विचारात घ्यावा लागतो.

फेल्टन यांचा पक्षाघात, हम्फ्री यांचे थायमसविरहित उंदीर आणि सीबीए/एन वंशाचे मौन ही तिन्ही निरीक्षणे आपापल्या काळी रूढ नियमाच्या चौकटीत बसत नव्हती. त्यांना प्रयोगाची चूक म्हणून बाजूस सारले असते, तर दीड वर्षाखालील मुलांना बहुशर्करेची लस का लागू पडत नाही, याचे कारण उमगणे कठीण झाले असते. ज्या प्रतिजनावर एखादा नियम सिद्ध झाला, तो प्रतिजन कोणता होता, हे विचारण्याची सवय या इतिहासाच्या अभ्यासकाने लावून घेतली पाहिजे. आजही प्रयोगशाळेत एखादा प्रतिजन त्याच्या सोयीसाठी निवडला जातो, तेव्हा त्या निवडीबरोबर उत्तराचा काही भागही आधीच निवडला गेलेला असतो.